शत्रूचं टेबल

"अहो, ते भाजीचं पातेलं आहे, तुमचा डोंगर नाही. काढा तो हात."

"एक मिनिट. एकच मिनिट थांब."

"तुमच्या एका मिनिटात भाजी गार होते आणि माझं डोकं तापतं."

हे हलले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून, हनुवटी जेवणाच्या टेबलाला टेकेल इतके वाकून ते आडव्या ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होते. बाटली म्हणजे नदी. पातेलं म्हणजे डोंगर. एकामागे एक लावलेले चमचे म्हणजे डोंगरातून जाणारा रस्ता, आणि वाट्या म्हणजे फौज. हे मला कोणी सांगितलेलं नाही. कामातल्या गावांबद्दल, आकड्यांबद्दल घरात अवाक्षर काढायची यांना परवानगी नाही, आणि नियम म्हणजे नियम हे यांच्या हाडीमाशी खिळलेलं. पण इतकी वर्षं एका टेबलावर जेवून माणसाला एवढंही कळू नये? कोणता देश, कोणती नदी, मला माहीत नाही आणि जाणूनही घ्यायचं नाही. वाट्या मात्र मला वाचता येतात.

माझा नवरा शत्रू आहे. म्हणजे, नोकरीच तशी आहे. जमिनीवरच्या लढायांचा अभ्यास करणारी एक संस्था आहे, तिथे हे संशोधक. वर्षभर जुन्या मोहिमांवर लेख लिहितात, ते लेख चार माणसं वाचतात, त्यातली एक मी. पण वर्षातून एकदा तिथे आठवडाभर वॉरगेम होतो. लुटुपुटूचं युद्ध म्हणा ना. लांबलचक टेबलावर नकाशा पसरतात आणि त्यावर लाकडी ठोकळे मांडतात. निळे आपले, लाल शत्रूचे. भिंतीवर आता मोठमोठे पडदे आलेत, पण जुन्या लोकांचं ठोकळ्यांशिवाय भागत नाही. फौजेत काही नवं आणायचं असलं, नवी तोफ, नवी रचना, की ते आधी या टेबलावर खेळून बघायचं. निळी बाजू खेळायला खरे लष्करी अधिकारी येतात, दर वर्षी नवे. लाल बाजूला कायम आमचे हे. तरुणपणी लष्करात जायला निघाले होते, डोळ्यांनी दगा दिला. मग लढाया वाचायला बसले, ते अजून उठलेले नाहीत.

फाटकावरचा पहारेकरीसुद्धा यांना "या शत्रूसाहेब" म्हणतो. मुलगा पहिलीत असताना बाईंनी विचारलं, तुझे बाबा काय करतात? हा पठ्ठ्या उभा राहून म्हणाला, "शत्रू आहेत." बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं आणि दार लोटून हळूच विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना हो?"

आणि हा शत्रू कसा, तर पाल दिसली की खुर्चीवर चढणारा. दारावर आलेल्या विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही म्हणून आमच्याकडे एकाच कंपनीच्या तीन इस्त्र्या आहेत. बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तर हेच "सॉरी" म्हणतात. अशा माणसाने वर्षातून एक आठवडा देशावर चाल करून यायचं! त्या आठवड्यात बोलतातही तसेच. "आपण काल पूल उडवला," असं म्हणतात. आपण म्हणजे शत्रू बरं का. आपली फौज म्हणजे "ते लोक".

त्या आठवड्यात शत्रूशी कोणी बोलायचं नाही, ही तिथली जुनी रीत. डाव फुटू नये म्हणून. कॅन्टीनमध्ये खांबाआड एक छोटं टेबल आहे, त्याला सगळे 'शत्रूचं टेबल'च म्हणतात. तिथे हे एकटे जेवतात. मुळात हा माणूस एकट्याने जेवणारा नाही, यांना समोर कोणीतरी लागतंच, मग ती मी असो नाहीतर शेजारची मांजर. त्यामुळे त्या आठवड्यात डबा निम्मा परत येतो. मी कितीही बोलले तरी येतो.

दुसरी रीत मला याहून जास्त डाचते. लाल बाजूने निळ्यांना अडवलं, निळे ठोकळे बाद झाले, की पंच ते ठोकळे उचलून पुन्हा जागेवर ठेवतात. का, तर पुढचा सराव राहून जायला नको. आता त्यातही तथ्य आहे, नाही असं नाही. पण मग अहवालात जातं काय, तर निळी बाजू ठरल्या वेळी पोहोचली. हे संध्याकाळी घरी यायचे, बूट काढायचे आणि म्हणायचे, "उठवले."

"किती?"

"सगळे."

"चहा ठेवू?"

"ठेव."

चिडायची ती मी. हे नाही. "मला जिंकायला ठेवलेलंच नाही गं," म्हणायचे. "कुठे ठेच लागेल तेवढं दाखवायला ठेवलंय." आणि चहा पिऊन शांतपणे पेपरातलं शब्दकोडं सोडवायला बसायचे. खरं सांगते, मला कधीकधी यांच्या त्या समाधानाचाच राग यायचा.

या वर्षीचा खेळ यांचा शेवटचा. महिनाअखेरीला निवृत्ती. आणि नेमका याच वर्षी खेळ पातेल्या-चमच्यांपुरता राहिला नाही. झालं असं की रविवारी मुलाचा फोन आला. मुलगा आमचा रणगाड्यांच्या तुकडीत कॅप्टन आहे.

"आई, आनंदाची बातमी. नव्या रचनेसाठी पहिली तुकडी आमची."

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे हलकं व्हायचं. मागचं सगळं लटांबर बंद. थोडं सामान घ्यायचं आणि सुसाट सुटायचं. शत्रूला कळायच्या आत त्याच्या परसात."

"आणि खायचं-प्यायचं?"

तो हसला. "मागून येतं गं सगळं. तू पण ना. बाकीचं फोनवर नको."

हे शेजारीच बसले होते. ते कप घेऊन गॅलरीत गेले आणि कप रिकामा झाल्यावरही तिथेच उभे राहिले.

त्या संध्याकाळी ते भाजीचं पातेलं डोंगर झालं. मी जेवण वाढायला म्हणून वाट्या गोळा करायला लागले आणि माझा हात थबकला. बाटलीच्या पलीकडे, चमचे संपतात त्याच्याही पुढे, एकच वाटी एकटी उभी होती. छोटी, कडेला पोचा आलेली. मुलगा लहानपणी याच वाटीत जेवायचा, दुसरी दिली तर भोकाड पसरायचा. तो पोचाही त्यानेच पाडलेला.

"ही त्याची वाटी आहे," मी म्हणाले.

"वाटी आहे. वाटीसारखी वाटी."

"मग दुसरी का नाही ठेवली?"

यांनी चष्मा खाली घेतला, पुसला, पुन्हा लावला.  मग मला सगळं कळलं. ती नवी रचना या आठवड्यात यांच्याच टेबलावर येणार होती. इथे पार पडली की लगेच आमचं पोरगं खरोखरचे रणगाडे घेऊन तशी फिरणार होतं. आणि ही रचना कुठेतरी कच्ची होती. यांच्या पाठीकडे बघूनच मला ते कळत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. संचालक साहेबांचा. मला यांचीच बाजू ऐकू येत होती. "हो साहेब... अच्छा, शेवटच्या दिवशी का... हो, समजलं... बरं साहेब. बरं."

"काय म्हणतायत?"

"काही नाही. शुक्रवारी मोठे पाहुणे येणार आहेत बघायला. त्यांच्या होकारासाठीच आहे म्हणे सगळं. फार ताणू नका म्हणाले."

"आणि तुम्ही बरं म्हणालात?"

"मग साहेबांना काय म्हणायचं?"

"बरं म्हणायचं नाही!" माझा आवाज चढला. "आयुष्यभर बरं, बरं! तीन तीन इस्त्र्या घेऊन बसलाय घरात! अहो, तिकडे आपला मुलगा आहे!"

हे खुर्चीवर बसले. पोचा आलेली वाटी उचलून त्यांनी तळहातावर ठेवली.

"तिकडे मुलं सगळ्यांचीच आहेत गं," म्हणाले. "दर वर्षीच असतात."

मी वाढायला घेतलं. पण मला भीती वाटत होती, आणि भीती शत्रूची नव्हती, यांच्या 'बरं'ची होती. मी या माणसाला ओळखते. एकदा शब्द दिला की पाळणारा माणूस आहे हा.

सोमवार, मंगळवार काहीच कळलं नाही. डबा निम्मा परत आला. बुधवारी हे घरी आले ते बूट न काढताच टेबलाशी बसले.

"उठवले," म्हणाले.

"चहा ठेवू?"

यांनी उठून स्वतःच पातेलं आणलं, बाटली आडवी केली, चमचे लावले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला शेजारी बसवून दाखवलं. गावांची नावं नाहीत, आकडे नाहीत. नुसत्या वाट्या.

"हे बघ. ते लोक असे येतात. मस्त येतात, जोरात. रचना चांगली आहे, उगाच नावं ठेवू नये. आपण अडवायचंच नाही. समोरचं दार सताड उघडं ठेवायचं." वाट्या सरसर बाटलीपलीकडे गेल्या. "आले सगळे आत. आता यांचं डिझेल, दारूगोळा, औषधं, सगळं मागून येणार या एका रस्त्याने." यांनी मधला एक चमचा उचलून खिशात टाकला. "मागच्या दाराला कडी. संपलं."

मी त्या वाट्यांकडे बघत राहिले. कोणी त्यांना हातही लावला नव्हता. नुसत्या उभ्या होत्या, पोचा आलेली सगळ्यांच्या पुढे.

"मग?"

"मग साहेब म्हणाले, वेळ कमी आहे, रस्ता खुला धरा. पंचांनी कडी काढली. निळे पुढे गेले."

"आणि उद्या?"

"उद्या परत कडी लावणार. दुसरीकडे. कडी कुठेही लावता येते. दार एकच आहे."

"साहेब चिडतील."

"चिडतील," हे म्हणाले. मग बूट काढले, हात धुतले, आणि जेवताना भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. मला एकदम इतकं बरं वाटलं की वाढताना एक पळी जास्तच पडली.

गुरुवारी पुन्हा कडी लागली, पुन्हा निघाली. शुक्रवारी सकाळी यांनी स्वतः बुटांना पॉलिश केलं. मी डबा ठासून भरला. "एकटे असलात तरी संपवून या," म्हटलं. "आज शेवटचा."

दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारी सगळे पडदे काढून धुतले. स्वच्छच होते, तरी धुतले. ओला पडदा पिळता पिळता मनात यायचं, आज पाहुण्यांसमोर साहेबांनी एकदा नुसतं यांच्याकडे रोखून बघितलं आणि यांच्या तोंडून सवयीने 'बरं' गेलं तर? मग आमचं पोरगं बाटलीपलीकडे.

हे नेहमीच्या वेळी आले. डबा हातात झुलत होता. मी आधी तो घेतला. हलका लागला. उघडला तर आत शीत नाही. आणि नुसता रिकामा नव्हे, धुतलेला. तोही असा गबाळ्यासारखा धुतलेला, की झाकणाच्या कडेला साबणाचा फेस तसाच.

"हा कोणी धुतला?"

"ब्रिगेडियर साहेबांनी," हे म्हणाले आणि हसायलाच लागले. इतके, की खुर्ची धरावी लागली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. निळ्या बाजूचे प्रमुख यंदा एक ब्रिगेडियर होते. धिप्पाड, मिशीवाले, आवाज असा की सगळे त्यांना पाठीमागे 'तोफ' म्हणायचे. नवी रचना त्यांचीच, दोन वर्षं घासून तयार केलेली. शुक्रवारी पाहुणे रांगेत बसले होते. निळे ठोकळे झपाट्याने आत शिरले, पाहुण्यांनी माना डोलावल्या, आणि यांनी आपला लाल ठोकळा उचलून तिसऱ्यांदा रस्त्यावर ठेवला.

 संचालक साहेबांनी घसा खाकरला. "पंच, रस्ता खुला धरा. पुढे चलू या." पंचाने हात पुढे केला.

तोच ब्रिगेडियरांनी आपला पंजा निळ्या ठोकळ्यांवर ठेवला.

"हात लावू नका," म्हणाले. "मेलेत ते."

"अहो, पण पुढचा सराव..."

"पुढे जायला डिझेल कुठाय माझ्याकडे? बुधवारपासून नाहीये. उठवून नेऊ कुठे यांना?" मग ते यांच्याकडे वळले. आठवडाभर कोणी शत्रूशी बोललेलं नव्हतं. "तुम्ही तीनदा तेच केलंत. मी परत उठवले असते, तर परत केलं असतंत?"

"हो."

"का?"

इथे हे सांगता सांगता थांबले.

"मग? काय म्हणालात तुम्ही?" मी विचारलं.

"मी म्हटलं, लाकडाचे आहेत म्हणून उठतात, साहेब."

मी पदर तोंडाला लावला. हे माझ्याकडे न बघता डब्याचं झाकण पुसत राहिले.

 पाहुण्यांपैकी एकांनी विचारलं म्हणे, मग नवी रचना कधी? ब्रिगेडियर म्हणाले, "आत्ता नाही. दुसरा रस्ता नाही तोवर नाही. दोष माझा आहे, कामही मीच करेन." आणि जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन सरळ खांबाआडच्या टेबलाशी आले. "इथे कोणी बसलंय का?"

"नाही," हे म्हणाले. "इथे कोणीच बसत नाही."

ते बसले. मग निळ्या बाजूचे बाकीचेही आपापल्या खुर्च्या ओढत आले. टेबल एवढंसं, निम्म्या लोकांनी ताटं मांडीवर घेतली. माझा डबा मधोमध. मिठाची डबी डोंगर झाली, पाण्याचे ग्लास फौज झाले, आणि चहाची वेळ टळून गेली तरी कोणी उठलं नाही. डबा ब्रिगेडियरांनी संपवला, म्हणून धुतलाही त्यांनीच, नळाखाली उभं राहून.

निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेले होते. यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, सगळ्यांना देतात तेच. संचालक साहेब भाषणात म्हणाले, "यांनी मला शेवटच्या आठवड्यात फार छळलं. त्याबद्दल संस्था त्यांची ऋणी आहे." वाईट माणूस नाही तो. ब्रिगेडियर माझ्याजवळ आले आणि हळू बोलायचा प्रयत्न करत गरजले, "वहिनी, भाजी फर्स्ट क्लास होती!" अख्ख्या सभागृहाने वळून बघितलं.

यानंतर काही महिन्यांनी मुलगा रजेवर आला. रात्रीचं जेवण लवकर मांडलं होतं. पोरगं उन्हाने रापलेलं, भुकेलेलं, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"सगळं ठरलं होतं, बाबा. सामान हलवायला लागलो होतो. आणि वरून थांबवलं. आता दुसरा रस्ता होणार, रसदीच्या गाड्या वाढणार, मग बघू. परत ते लटांबर आलं गळ्यात. कोणीतरी मोडता घातला म्हणे तुमच्याकडच्यापैकी. असेल कोणी पुस्तकी शहाणा. आयुष्यात रणगाड्यात बसला नसेल कधी."

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी ओठांपर्यंत. अरे गाढवा, म्हणणारच होते, पण यांनी माझ्याकडे बघितलं. नियम म्हणजे नियम. मी गप्प बसले. असं गप्प बसणं मला आयुष्यात जमलेलं नाही, पण त्या दिवशी जमलं.

"नसेल बसला," हे म्हणाले. "तू भाजी घे."

मुलाने भाजी घेतली. हे उठले. फळीवरून ती छोटी, पोचा आलेली वाटी काढली, पंच्याने आतून बाहेरून पुसली आणि मुलाच्या ताटाशेजारी ठेवली.

"याला दही वाढ," मला म्हणाले.

मुलगा बघतच राहिला. वाटी उचलून त्याने तो पोचा अंगठ्याने चाचपला.

"अजून आहे ही?"

"आहे," हे म्हणाले, आणि जेवायला बसले.